काउंटरवरची कन्नड: कर्नाटकात पोस्टिंग मिळालेल्या मराठी बँकवाल्यांसाठी

सरकारी बँकेत क्लार्क म्हणून लागायचं तर त्या राज्याची भाषा येते की नाही, हे निवडीच्या वेळीच तपासतात. प्रोबेशनरी ऑफिसरचं तसं नाही. त्याची नेमणूक देशात कुठेही होऊ शकते, आणि साताऱ्याच्या किंवा परभणीच्या मुलाच्या हातात एक दिवस चित्रदुर्ग नाहीतर रायचूरची ऑर्डर पडते. 2019 आणि 2020 च्या विलीनीकरणांनंतर ही शक्यता आणखी वाढली. विजया बँक बँक ऑफ बडोदात गेली, कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत आली. दोन्ही किनारी कर्नाटकात जन्मलेल्या बँका. त्यांच्या जुन्या शाखांमधला ग्राहक काउंटरपलीकडच्या माणसाशी आपल्या भाषेत बोलत मोठा झालेला आहे.

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी मराठी न येणारा साहेब आला की आपल्या आईवडलांचं काय होतं, ते आपण पाहिलेलं असतं. फॉर्म हातात धरून ते कोपऱ्यात उभे राहतात आणि ओळखीचा क्लार्क मोकळा होण्याची वाट बघतात. कर्नाटकात तो साहेब तुम्ही असता. 2025 च्या मे महिन्यात बेंगळुरूलगतच्या एका शाखेत व्यवस्थापकांनी कन्नड बोलायला साफ नकार दिल्याचा व्हिडिओ राज्यभर फिरला. मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली आणि संबंधितांची बदली झाली. लोकांना राग आला तो भाषा न येण्याचा नव्हता, शिकणार नाही म्हणण्याचा होता.

तेव्हा शिकायचं, आणि शिकता शिकताच काउंटरवर वापरायचं. पण तिथे पलीकडच्या माणसाचे पैसे असतात. चुकलं तरी चालेल अशा जागा कोणत्या आणि चुकून चालणारच नाही अशा कोणत्या, हे आधी मनात पक्कं हवं. नमस्कार, चौकशी, ‘बसा’, ‘पासबुक द्या’ हे सगळं मोडकंतोडकं बोललात तरी कुणाचं काही बिघडत नाही. रक्कम, नकार आणि संमती या तीन गोष्टी मात्र अर्धवट भाषेवर सोडायच्या नाहीत. पुढचं सगळं या एका भेदावर उभं आहे.

रुजू होण्याआधी: तुमच्या शाखेची कन्नड कोणती?

ऑर्डर मिळाली की शाखेत फोन करा आणि विचारा, ग्राहक काय बोलतात. धारवाड, बागलकोट, विजयपूर या पट्ट्यातली कन्नड आणि म्हैसूर-मंड्याकडची कन्नड कानाला बरीच वेगळी लागते. उत्तरेत पैशाला ‘रोक्क’ म्हणतात, दक्षिणेत ‘दुड्डु’, आणि कागदावर दोन्हीकडे ‘हण’. दक्षिणेत ‘बन्नि, कूत्कोळ्ळि’ म्हणजे या, बसा. उत्तरेत तेच ‘बर्रि, कूड्रि’ होतं. उत्तरेत आदरासाठी जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘रि’ लागतो: हौद्रि (हो), इल्रि (नाही), कोड्रि (द्या), हेळ्रि (सांगा). तो सोडलात तर बोलणं उद्धट वाटतं.

मंगळूर-उडुपीकडे काउंटरवर तुळू आणि कोकणीही ऐकू येईल. गोव्याकडच्या किंवा सिंधुदुर्गातल्या माणसाला तिथली कोकणी सुरुवातीला अनोळखी वाटते, पण थोड्या दिवसांत कान धरतो. कलबुर्गीला दखनी उर्दू भरपूर चालते. बेळगाव, निपाणी, खानापूर किंवा बिदरच्या भालकी-औराद भागात मराठीवरच काम भागेल, आणि तिथे नेमणूक झालेल्यांची कन्नड त्यामुळेच मागे राहते. त्यांनी ठरवून शिकावं, कारण पुढची बदली तुमकूरला होऊ शकते.

मराठी माणसाला इथे एक मोठा फायदा आहे, तो ओळखा. वाक्याची ठेवण आपलीच आहे. क्रियापद शेवटी, ‘नाही’ त्याच्याही नंतर. ‘मला पाहिजे’ हे ‘ननगे बेकु’, ‘मला माहीत नाही’ हे ‘ननगे गोत्तिल्ल’. ‘हवं’ आणि ‘नको’ यांच्यासाठी आपल्यासारखेच दोन वेगळे शब्द आहेत, ‘बेकु’ आणि ‘बेड’. हिंदी पट्ट्यातून आलेल्या सहकाऱ्यांची जीभ जिथे अडते, तो ‘ळ’ आपल्याला आयता आहे. बँकेतले अर्धे शब्द तर ओळखीचेच निघतात: खाते, सही, जमा, बाकी, अर्जी, रसीदी, जामीनु, चिल्लरे, नगदु. उत्तर कर्नाटकातला शेतकरी जमिनीच्या कागदाला ‘उतार’ही म्हणतो. तोच दक्षिणेत ‘पहणी’ म्हणून पुढे येतो.

एक शब्द मात्र फसवतो. ‘साल’ म्हणजे कर्ज. ‘एष्टु साल?’ हा प्रश्न किती वर्षं असा नाही, किती कर्ज असा आहे. वर्षाला तिकडे ‘वर्ष’च म्हणतात. व्याज म्हणजे ‘बड्डि’, हप्ता म्हणजे ‘कंतु’, आणि सोन्यावरचं कर्ज ‘चिन्नद साल’ किंवा ‘बंगारद साल’.

पहिली पायरी: आकडे, दुसरं काही नाही

बहुतेक जण ‘तुमचं नाव काय, माझं नाव अमुक’ इथून सुरुवात करतात. काउंटरवर त्याचा काडीचा उपयोग नाही, नाव पासबुकावर छापलेलं असतं. पहिला सगळा वेळ आकड्यांना द्या.

एक ते दहा: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु, ओंबत्तु, हत्तु. दशकं: इप्पत्तु, मूवत्तु, नलवत्तु, ऐवत्तु, अरवत्तु, एप्पत्तु, एंबत्तु, तोंबत्तु. शंभर म्हणजे नूरु, हजार साविर, लाख लक्ष. वीसच्या पुढची रचना आपल्यापेक्षा सोपी आहे. आपण एकवीस म्हणताना एकं आधी म्हणतो, कन्नडमध्ये दशक आधी येतं: इप्पत्तोंदु, इप्पत्तेरडु. पाढे पाठ करावे लागत नाहीत, जोडत जायचं.

पण गोंधळ कुठे होतो ते नीट बघा, कारण रोखीतला फरक याच जागी पडतो. एप्पत्तु म्हणजे सत्तर, एंबत्तु म्हणजे ऐंशी. ‘एप्पत्तेंटु’ अठ्ठ्याहत्तर आणि ‘एंबत्तेळु’ सत्त्याऐंशी, हे दोन पंख्याच्या आवाजात सारखेच ऐकू येतात. ओंबत्तु नऊ, हत्तोंबत्तु एकोणीस, तोंबत्तु नव्वद. ऐवत्तु पन्नास, ऐनूरु पाचशे. दोनशे, तीनशे, चारशे हे इन्नूरु, मुन्नूरु, नानूरु, आणि त्यांच्यात फरक फक्त पहिल्या अक्षराचा. दात नसलेले आजोबा ते पहिलं अक्षर अर्धंच उच्चारतात.

दुसरी अडचण अर्ध्याची. ‘वरे’ जोडलं की त्यात अर्धा मिळवायचा. ओंदूवरे साविर म्हणजे दीड हजार, एरडूवरे साविर म्हणजे अडीच हजार, मूरूवरे म्हणजे साडेतीन. आपल्या डोक्यात दीड आणि अडीच हे स्वतंत्र शब्द बसलेले असल्यामुळे ‘एरडू’ कानावर पडताच हात दोन हजाराकडे जातो. वाक्य संपेपर्यंत थांबा. दीड हजाराला ‘साविरद ऐनूरु’ असंही म्हणतात, म्हणजे हजार पाचशे. ‘साविर’च्या आधीचं ‘ओंदु’ बोलताना बहुधा गाळतात.

सरावासाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे टोकन. टोकन नंबर कन्नडमध्ये पुकारा. ‘नलवत्तेरडु’ म्हणालात आणि चुकलात तर भलताच माणूस उठेल, हसेल, बसेल. पैशाचा संबंध नाही. संध्याकाळी रोकड जुळवताना कॅशियरसोबत नोटांची पाकिटं कन्नडमध्ये मोजा. स्टँडवरून शाखेपर्यंत चालताना गाड्यांचे नंबर म्हणत जा.

एवढं करूनही रोखीच्या व्यवहारात एक शिस्त कायमची लावून घ्या. रक्कम ऐकली, मोठ्यानं परत म्हटली, कागदावर अंकांत लिहिली, कागद ग्राहकाकडे फिरवला. मान हलल्याशिवाय नोंद करायची नाही. अंक वाचता येत नसतील तर नोटा पसरून दाखवायच्या. कन्नड कितीही चांगली झाली तरी ही सवय सोडू नका.

दुसरी पायरी: एक व्यवहार पूर्ण कन्नडमध्ये

सगळे व्यवहार एकदम कन्नडमध्ये करायला जाऊ नका. एकच निवडा, पैसे काढण्याचा, आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच भाषेत करा. महिन्याच्या सुरुवातीला पेन्शन घ्यायला आलेल्या आज्जींशी बोलणं साधारण असं चालतं.

“पिन्शन् बंदिदेया, सर्?” पेन्शन आली का?

“पासबुक् कोडि, अज्जी. नोड्तीनि.” पासबुक द्या आज्जी, बघतो.

“बंदिदे. एष्टु बेकु?” आली आहे. किती हवेत?

“साविरद ऐनूरु कोडप्पा.” दीड हजार दे बाबा.

“साविरद ऐनूरु. सरीना?” दीड हजार. बरोबर ना? इथे कागद फिरवायचा.

“हौदु.” हो.

“इल्लि सही माडि.” इथे सही करा.

“सही बरल्ल. हेब्बेट्टु.” सही येत नाही. अंगठा.

मग शाईचं पॅड पुढे करायचं, अंगठ्याच्या व्यवहाराला तुमच्या बँकेच्या नियमानुसार लागणारी ओळख-साक्ष पूर्ण करायची, नोटा हातात द्यायच्या आणि म्हणायचं, “एणिसि नोडि,” मोजून बघा.

आज्जी ‘कोडप्पा’ म्हणाल्या तो ‘अप्पा’ मायेचा आहे. मुलगी काउंटरवर असेल तर ‘कोडम्मा’ म्हणतील. त्या एकेरीत बोलतात म्हणून आपण एकेरीत उत्तर द्यायचं नाही. ‘कोडु’, ‘बा’, ‘हेळु’ ही एकेरी रूपं चहावाल्या पोराशी बोलताना पटकन तोंडात बसतात आणि मग काउंटरवर निसटतात. म्हणून ती शिकूच नका. कोडि, बन्नि, हेळि, माडि, नोडि, नाहीतर उत्तरेकडचा ‘रि’. वयस्कर बाईला अज्जी, उत्तरेत अव्वा. मधल्या वयाच्या बाईला अक्का. पुरुषांना अण्णा किंवा अज्जा. शहरी शाखेत सर आणि मॅडम पुरतं. सवयीनं ‘ताई’ निघून गेलं तरी बिघडत नाही, तिकडे ‘तायि’ म्हणजे आई.

हा एक व्यवहार अडखळत का होईना पार पडू लागला की पुढचा घ्या: पासबुक छापणं, मग भरणा, मग आधार जोडणी. 2023 च्या ऑगस्टपासून गृहलक्ष्मी योजनेत कुटुंबप्रमुख महिलांना महिन्याला 2,000 रुपये मिळू लागले, तेव्हापासून खेड्यातल्या शाखेत सतत विचारला जाणारा प्रश्न आहे, “गृहलक्ष्मी दुड्डु बंदिदेया?” उत्तरं दोनच. ‘बंदिदे’, आले आहेत. ‘इन्नू बंदिल्ल’, अजून आले नाहीत. नवख्या अधिकाऱ्याला सराव करायला याहून सोपा संवाद मिळणार नाही.

तिसरी पायरी: नकार नीट शिका

यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण शिकवणारे याकडे लक्षच देत नाहीत.

‘आगिल्ल’ म्हणजे झालं नाही. ‘आगल्ल’ म्हणजे होणार नाही. दोघांत फरक एका ‘इ’चा. पीककर्जाचा अर्ज देऊन गेलेला शेतकरी विचारतो, “साल आयिता सर्?” कर्ज झालं का? तुम्हाला सांगायचं आहे, अजून मंजूर झालं नाही. तोंडातून निघतं, “आगल्ल.” तो ऐकतो की तुमचं कर्ज होणार नाही. वाद न घालता उठतो आणि सावकाराकडे जातो. तुम्हाला ते कधी कळतही नाही. तसंच ‘बंदिल्ल’ आणि ‘बरल्ल’चं: आले नाहीत आणि येणार नाहीत.

म्हणून नुसता नकार देऊ नका, त्याला ‘इन्नू’ म्हणजे ‘अजून’ लावा आणि पुढचं वाक्य जोडा. “इन्नू आगिल्ल. आगुत्ते.” अजून झालं नाही, होईल. कागद कमी असेल तर कोणता कमी आहे ते बोट ठेवून दाखवा: “इदु बेकु,” हे हवं. खरोखरच होणार नसेल, तर ते सांगण्यासाठी कन्नड नीट येणाऱ्या सहकाऱ्याला बोलवा. माणसाला नकार मिळतोय तेव्हा तो त्याला पूर्ण कळला पाहिजे आणि त्यामागचं कारणही.

‘नाळे बन्नि’, उद्या या, हे वाक्य मात्र शक्य तितकं उशिरा शिका. ते फार सोपं आहे आणि त्यामुळे लवकर तोंडी बसतं. वीस किलोमीटरवरून बस धरून आलेल्या माणसाला ते ऐकवण्याआधी आपल्याला प्रश्न समजला होता का, हे स्वतःला विचारा. उद्या यायला सांगायचंच असेल तर वार आणि काय आणायचं ते चिठ्ठीवर लिहून द्या. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते हेही सांगा: “एरडने, नाल्कने शनिवार रजा.” रविवारला दक्षिणेत भानुवार म्हणतात.

समजलं नाही तर

ही तीन वाक्यं पहिल्या दिवसापासून तयार हवीत. “नानु कन्नड कलीता इद्दीनि,” मी कन्नड शिकतोय (बाईनं म्हटलं तरी रूप हेच राहतं). “स्वल्प निधानवागि हेळि,” जरा हळू सांगा; उत्तरेत “स्वल्प सावकाश हेळ्रि” म्हटलं की लगेच समजतं. “अर्थ आगलिल्ल, इन्नोम्मे हेळि,” समजलं नाही, पुन्हा एकदा सांगा.

मान डोलावणं बंद करा. ‘हां, हां’ म्हणत पुढे जाणारा अधिकारी ग्राहकाला वाटतो भला, पण चुकीच्या खात्यात पैसे टाकतो. दोनदा विचारूनही कळलं नाही तर तिसऱ्यांदा ग्राहकाला ताण न देता सहकाऱ्याला हाक मारा आणि स्वतः तिथेच उभं राहून ऐका. दोघांत कोणता शब्द वापरला गेला ते टिपून ठेवा. त्या दिवसाचा धडा तोच.

मदतीला कुणाला बोलवायचं यालाही मर्यादा आहे. रांगेतला एखादा सुशिक्षित तरुण आपणहून दुभाषा होतो, किंवा दारावरचा माजी सैनिक हिंदी येते म्हणून पुढे येतो. फॉर्म कोणता, रांग कुठली, एवढ्यापुरतं ठीक. खात्यातली शिल्लक, कर्जाची थकबाकी, घरातलं भांडण, नॉमिनी कोण, हे परक्यासमोर उघडायचं नाही. आणखी एक गोष्ट लक्षात येते का बघा. नवी भाषा बोलताना आपला आवाज नकळत चढतो. शिल्लक सांगायची तर बोलूच नका, चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवा.

जिथे थांबायचं

सोन्यावरचं कर्ज देताना व्याज, मुदत, मुदत चुकली तर काय आणि लिलाव कधी होतो, हे ग्राहकाला त्याच्या भाषेत पूर्ण समजावं लागतं. लिलावाला कन्नडमध्ये ‘हराजु’ म्हणतात, आपल्या हर्रासाच्या जवळचाच शब्द. तो उच्चारता येणं म्हणजे ती अट समजावता येणं नव्हे. इथे स्थानिक क्लार्क किंवा ऑफिसर शेजारी हवाच. सोनं तपासणारा अप्रेझर स्थानिक असतो आणि छान समजावतो, पण त्याचं काम सोनं पारखणं, अटी सांगणं हे बँकेचं.

विमा आणि फंडाचंही तसंच. उद्दिष्ट पूर्ण करायच्या घाईत मोडक्या कन्नडमध्ये ‘चांगलं आहे, सही करा’ म्हणणं हे मला सर्वांत वाईट वाटतं. ज्याला विचारलेलंच कळलं नाही त्याची सही संमती ठरत नाही.

मृत्यूनंतरच्या दाव्यासाठी कुणी आलं तर शब्द जपून वापरा. कन्नडमध्ये ‘सत्त’ म्हणजे मेला. तो शब्द पुस्तकात पहिल्यांदा सापडतो, म्हणून नवशिका तोच बोलतो. माणसं म्हणतात ‘तीरिकोंड्रु’, आपल्या ‘वारले’सारखं. यजमान गेलेल्या बाईसमोर तेवढा एक शब्द बरोबर आला, तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि बाकीचं सहकाऱ्यानं बोललं तरी पुष्कळ झालं.

फसवणूक झालेला ग्राहक धावत येतो तेव्हा तो भराभर बोलतो आणि तुम्हाला काही कळत नाही. तिथे भाषेचा सराव अजिबात करू नका. आधी खातं किंवा कार्ड थांबवा, लगेच सहकाऱ्याला बोलवा, 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावून द्या. एक वाक्य मात्र सगळ्या ग्राहकांना, रोज, न चुकता म्हणता आलं पाहिजे: “ओटीपी यारिगू हेळबेडि.” ओटीपी कुणालाही सांगू नका. ते काउंटरच्या काचेवर कन्नडमध्ये लिहून लावा आणि वाचून दाखवा.

कुणाकडून, कधी शिकायचं

शाखेतला शिपाई, अप्रेझर, आणि गावोगाव फिरणारा बँकमित्र हे तुमचे खरे शिक्षक. ग्राहक जसं बोलतो तसंच ते बोलतात. ‘भाषा संगम’ नावाचं सरकारी ॲप आहे, 2021 मध्ये आलेलं, त्यात रोजच्या वापरातली शंभरावर वाक्यं बावीस भाषांत मिळतात. पाया म्हणून चांगलं, पण बँकेची वाक्यं त्यात सापडणार नाहीत. ती काउंटरवरच ऐकून वहीत उतरवायची. देवनागरीत लिहिलीत तरी चालेल. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही, तेवढी खूण करून ठेवा.

गर्दीच्या वेळी सराव नको. पेन्शनच्या दिवशी रांग दारापर्यंत गेलेली असताना तुमचं वाक्य जुळेपर्यंत पन्नास माणसं खोळंबतात. तेव्हा आकडे आणि ‘सही माडि’ एवढ्यावर काम उरका. जेवणानंतर शाखा शांत असते, तेव्हा जास्त बोला.

ग्राहक स्वतःहून हिंदीत किंवा मराठीत बोलू लागला तर त्याच्या भाषेत उत्तर द्या. तुमची कन्नड सुधारावी ही त्याची जबाबदारी नाही. उलट, कन्नडमध्ये विचारलेल्या प्रश्नाला लगेच हिंदीत उत्तर द्यायची सवय मोडा. निदान पहिलं आणि शेवटचं वाक्य कन्नडमध्ये असू द्या. मधलं अडलं तर बघता येईल.

वाचणंही लागतं

लिपीकडे बहुतेक जण पाठ फिरवतात, बोलता आलं की झालं म्हणतात. पण ग्राहकाला धनादेश हिंदी, इंग्रजी किंवा त्या प्रदेशाच्या भाषेत लिहिता येतो. उद्या कुणी अक्षरी रक्कम कन्नडमध्ये लिहून धनादेश पुढे केला तर तो नियमानं बरोबर आहे आणि तुम्हाला तो वाचता यायला हवा. पहणीही कन्नडमध्येच येते, आणि जुन्या कागदांवर आकडेसुद्धा कन्नड अंकांत असतात.

वर्णमालेचा क्रम आपलाच आहे: अ आ इ ई, क ख ग घ. त्यामुळे नवीन शिकायचं ते फक्त वळण. सुरुवात पुन्हा संख्यांच्या शब्दांपासून करा. ओंदु ते हत्तु, नूरु, साविर, लक्ष, रूपायि आणि शेवटी येणारं ‘मात्र’ एवढे शब्द कन्नड अक्षरांत ओळखता आले की बरेचसे धनादेश वाचून होतात. रोज शाखेतल्या त्रिभाषी पाट्यांसमोर उभं राहून हिंदी ओळ आणि कन्नड ओळ अक्षराला अक्षर लावून वाचा. बसच्या पाट्यांवर गावांची नावं असतात आणि ती आधीच माहीत असतात, त्यामुळे अक्षरं लवकर लक्षात राहतात. अक्षरी आणि अंकी रक्कम जुळते आहे असं वाटलं, तरी हस्ताक्षर नीट लागलं नसेल तर पास करण्याआधी शेजारच्या टेबलावरून एकदा वाचून घ्या.